नारत्तंगायचं लेबल

ओरत्तनाडूच्या बसचा कंडक्टर तिकीट तमिळमध्ये देतो, पण माझ्याशी आम्हा तंजावरी मराठ्यांची घरातली मराठी बोलतो. त्याच्या चामडी पिशवीत एक डबी असते. कुणाला मळमळू लागलं, की तो काही न विचारता वाळवलेल्या नारत्तंगायची फोड त्याच्या तळहातावर ठेवतो. "चोखा, चावू नका," म्हणतो आणि पुढे सरकतो. ही जाड सालीची, कडवट लिंबं आमच्याकडे कालव्याकाठी पडून सडतात. त्याची बायको ती मीठ भरून वाळवते.

यंदा तंजावरचा एक दुकानदार त्यांची पाकिटं विकायला ठेवणार होता. लेबल मी लिहिलं. शाळामास्तर ना मी! पित्त जातं, साखर उतरते, रक्तदाब पळतो, तोंडाला चव येते. छापूनही आणलं.

बस सुटायच्या आधी त्याने ते दोनदा वाचलं, कानामागचं पेन काढलं आणि चव तेवढी ठेवून बाकी सगळं खोडलं.

"सार, मला एवढंच ठाऊक आहे. बाकीचं डॉक्टरला ठाऊक."

"अहो, दुकानदार बाकीच्यासाठीच तर घेतोय!"

"मग नको घेऊ दे."

मी चिडून म्हटलं, "निदान मला तरी एक पाकीट द्या."

"तुम्हाला नाही. रोज याच बसमध्ये बीपीची गोळी घेता. यात मीठ किती आहे!"

मग त्याने सीटखालून एक ताजं, पिवळं फळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे बिनमिठाचं. पण तेही डॉक्टरला विचारून."