शिरगावच्या सोसायटीतलं रेकॉर्डिंग

सोसायटीत कॅमेरे असतील तर हे वाचा. मी बदलापुरात सीसीटीव्ही दुरुस्त करतो.

आज सकाळी शिरगावच्या एका सोसायटीतून फोन आला. तिथले कांबळेकाका पहाटेच घराबाहेर पडले होते. त्यांना हल्ली काही आठवत नाही. ते गेटमधून कुठल्या बाजूला वळले, एवढंच त्यांच्या मुलीला बघायचं होतं.

स्क्रीनवर गेट स्पष्ट दिसत होतं, म्हणून कुणाला कधी शंका आली नाही. पण मागचं रेकॉर्डिंग रिकामं. रेकॉर्डिंग साठवणारा जुना डीव्हीआर उघडला, तर आतली हार्ड डिस्क नुसती टकटक करत होती, म्हणजे खराब झालेली.

"दादा, थोडं तरी काढा ना."

"ताई, यात काही साठलंच नाहीये."

सगळे स्टेशनकडे शोधत राहिले. काका दुपारी उलट्या दिशेला, बारवी धरणाच्या रस्त्याला बेशुद्ध सापडले. आता आयसीयूत आहेत.

मी नवीन डिस्क बसवून निघालो, तेव्हा ताईंनी माझे आभार मानले.

दोन महिन्यांपूर्वी तिथे कॅमेरा बदलताना ती टकटक मी ऐकली होती. घाईत होतो, कुणालाच बोललो नाही. आजही ताईंना सांगायची हिंमत झाली नाही.

तुम्ही सांगितलं असतं का?