पुसायचं नाही

वर्ध्याला मी ज्या वकिलांकडे टायपिंग करतो, तिथे हिंगणीची एक भाजीवाली बाई दर तारखेला येते. तिचा धाकटा भाऊ पोलीस कोठडीत वारला, म्हणून तिनं भरपाईचा दावा लावला आहे. वकिलांनी सगळ्यात आधी अर्ज करून, केस संपेपर्यंत ठाण्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसू नये असा आदेश मिळवला.

बाई येते, पिशवी पायाशी ठेवते, पदराला हात पुसते आणि विचारते, "भाऊ, हाये ना अजून ते?" मी हो म्हणतो.

ते चित्रण तिनं कोर्टात एकदाच पाहिलं. दोन शिपायांच्या मध्ये चालत भाऊ ठाण्याशी येतो आणि उंबऱ्याबाहेर थांबून चप्पल काढतो.

"घरी बी असाच काढे," ती हळूच म्हणाली होती.

मागच्या महिन्यात समोरून तडजोडीचा कागद आला. भरपाई बरी होती. सहीसाठी दिलेलं पेन तिनं नुसतंच धरून ठेवलं.

"साहेब, केस मिटली तं ते पुसून टाकतीन का?"

"मग जपून ठेवायचं बंधन कोणावर राहत नाही," वकील म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. "मंग केस चालू राहू द्या. त्याच्यात तो अजून चालून राह्यला."

वकिलांनी कागद बाजूला सारला आणि मला नवा अर्ज टाइप करायला सांगितला: चित्रणाची एक प्रत बहिणीला मिळावी.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

ते म्हणाले, "लिही, पाहण्यासाठी."