कुंपणावरचा लाल परकर

आमच्या गावामागच्या माळावर तोफांचा सराव सुरू झाला, की तव्यावरची भाकरी आपोआप उलटायची. खोटं नाही सांगत! म्हशीचं दूध सडातच विरजायचं आणि आमचा कोंबडा दचकून थेट देवळाली कॅम्पात जाऊन बसायचा. पाहुण्यांना हे सगळं मी शपथेवर सांगायची.

सराव असला की टेकडीवर लाल निशाण चढे. मग पोरं माळाकडे फिरकत नसत आणि बायका फळीवरची भांडी जमिनीवर उतरवून ठेवत, नाहीतर हादऱ्यानं पडत.

सरहद्दीवर लढाई पेटली त्या वर्षी तोफा जास्तच वाजल्या. शेजारच्या घरातली भांडी मात्र निशाण नसतानाही पडत. तिथली पोरगी माझ्या वर्गात होती. एकदा तिचा गाल सुजलेला दिसला.

"तोफेनं पातेलं पडलं बघा आक्का, नेमकं पोरीच्या तोंडावर," तिची आई म्हणाली.

"आज रविवार हाय," माझी आई म्हणाली. "तोफा बी सुट्टीवर हायेत."

पोरीची आई पदर तोंडाशी धरून आत गेली.

आईनं पोरीच्या बापालाही हटकलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "पोरगी माझी हाय. तुम्ही तुमच्या भाकरी थापा, वहिनी." गावातल्या शहाण्यांचंही तेच. घरातली गोष्ट, आपण नाय पडायचं.

मग आईनं स्वतःचं निशाण काढलं. पोरीचा बाप पिऊन घरी आला की ती आपला लाल परकर कुंपणाच्या तारेवर टाकायची. शाळेतून येणारी पोरगी तो बघून सरळ आमच्या चुलीपाशी यायची. लाल दिसलं की पुढं जायचं नाही, हे आमच्याकडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नसे. ती जेवेपर्यंत मी थापा मारायची. तोफेचा एक गोळा चुकून मनमाडला गेला, तर स्टेशनमास्तरनं त्याला तिकीट विचारलं! ती हसायची, पण कान कुंपणापलीकडे असायचे.

तिच्या आईला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं दोन ठेवून दिल्या असत्या तर तिनं सांगून टाकलं असतं.

एक दिवस मी मामाकडे चांदवडला गेले होते. आई परकर टाकून दळण आणायला गेली. पावसाचे थेंब आले. शेजारधर्म म्हणून त्या पोरीच्या आईनंच आमचे कपडे गोळा करून ओट्यावर ठेवले, नीट घडी करून.

तारेवर काही नव्हतं. पोरगी घरात गेली.

तिचा डावा कान गेला. डॉक्टरांनी विचारलं, "तोफांजवळ राहता ना?"

"हो ना साहेब, लय आवाज," बाप म्हणाला.

गावानंही तेच धरलं. तो परकर कशासाठी होता, हे आईनं तिच्या आईला कधीच सांगितलं नाही.

लग्न झाल्यावरही ती पोरगी आमच्याकडे येते, माझ्या डाव्या हाताला बसते, उजवा कान माझ्याकडे करून. "मनमाडचं सांग ना," म्हणते. मी सांगते, आता तर त्या गोळ्याला खिडकीजवळची जागाही मिळते. परवा पाहुण्यांतलं कुणीतरी हसत म्हणालं, "हिचा कान बी तोफेनंच गेला ना? सांगा की तेबी!"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी तोफा बंद होत्या."