अशक्त पिल्लू आधी

निवेदिता ढोमणे नागपूरची सर्पमित्र. कुठल्या कोर्सचं सर्टिफिकेट नाही. वनखात्याच्या लोकांशी भांडत भांडत शिकलेली. कुणाच्या न्हाणीघरात नाग निघो की शाळेच्या जिन्याखाली घोणस, फोन तिलाच. पकडायचा, जखमी असेल तर उपचार करायचे, रानात सोडायचा. पाळायचा मात्र कधीच नाही. जंगली साप घरात ठेवणाऱ्यांना तिने भर चौकात झापलेलं आहे.

नवऱ्याच्या, विशालच्या नोकरीपायी ती आयर्लंडमधल्या लिमरिकला आली. इथल्या रानात औषधालासुद्धा साप नाही. दोन वर्षं हात शिवशिवले. शेवटी तिने पाळीव सापापोटी जन्मलेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू घ्यायचं ठरवलं. बिनविषारी, गरीब जात. वाचलं काही नाही, विचारलं कुणाला नाही. सापाबद्दल तिला शिकवणार कोण?

शहराबाहेरच्या एका शेडमध्ये सहा डबे होते. पाच पिल्लं जिभा लपलपवत फिरत होती. सहावं काटकुळं, तोंड जरासं उघडं. निवेदिताचा हात त्याच्याकडेच गेला. अशक्त जीव आधी उचलायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

"तो एकदम ठणठणीत आहे," विकणारा म्हणाला. "जरा लाजाळू आहे, एवढंच. स्वस्तात देतो."

घरी विशालने फ्रीजर उघडला, तर आत पिल्लाच्या खाण्यासाठी आणलेले गोठवलेले उंदीर. "मटारच्या पाकिटाशेजारी उंदीर?"

"मग मटार कपाटात ठेव."

पिल्लाने उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी नाकाशी बुडबुडे आले, श्वास घेताना ते मान वर धरायला लागलं. व्हेटबाईंनी फुप्फुसाचा आजार सांगितला, इंजेक्शनं दिली. नागाची मान धरलेल्या हातांनी निवेदिता त्या पेन्सिलीएवढ्या अंगात सुई टोचत राहिली. नवव्या दिवशी सकाळी पिल्लू पाण्याच्या वाटीपाशी मरून पडलेलं होतं.

"ते तुमच्याकडे आलं तेव्हाच आजारी होतं," व्हेटबाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं, आपण त्याला सोडवलं. पण तुम्ही विकत घेतलंत. त्या डब्यात आता दुसरं आलं असेल."

निवेदिताने गाडीचं दार आपटलं. "मला शिकवतेय. हयातीत एक नाग धरला नसेल हिने."

विशालने राउंडअबाउटला गाडी वळवली. मग म्हणाला, "खोटं बोलली का ती?"

उत्तराऐवजी तिने विकणाऱ्याला फोन लावला. आज याची सालटीच काढायची होती. पण तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "बरं झालं फोन केलात. आणखी एक बारकं आलंय. तुम्हाला आवडतं तसलं."

तिने फोन कापला. आजारी माल खपवायचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणून त्याने तिला हेरलं होतं. त्याच दुपारी तिने व्हेटबाईंचा रिपोर्ट जोडून प्राणिरक्षण संस्थेकडे तक्रार केली.

मग पिल्लाची काचेची टाकी जंतुनाशकाने धुतली, दोन महिने रिकामी ठेवली. थर्मोस्टॅट बसवला आणि रोज तापमान लिहीत गेली. शिवाय निरोगी पिल्लं कोण विकतं, ते साप पाळणाऱ्यांना विचारत सुटली. नाव एकच निघालं, डंडॉकची ग्रॉन्या. गाडीने तीन तासांचा रस्ता; विशालही बरोबर निघाला.

ग्रॉन्याने आधी टाकीचे फोटो मागितले, मग पिल्लं दाखवली. निवेदिताने एकेकाला हातावर घेतलं. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, पाठीचा कणा वर आलेला नाही, बोटाला घट्ट विळखा. प्रत्येकाचं कार्ड होतं; कधी खाल्लं, कधी कात टाकली, सगळं त्यावर.

तरी नजर शेवटच्या डब्यावर गेलीच. बारीक, सुस्त. "हे द्या," ती बोलून गेली.

"ते विकायचं नाही. स्वतःहून खायला लागेपर्यंत ते माझं."

निवेदिताचा पारा चढला. दहा वर्षं साप धरलेत, असं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. शेडमधल्या त्या माणसाने 'विकायचं नाही' असं कधी म्हटलं असतं?

तिने एक तांबूस पिल्लू निवडलं. "याला खाताना बघायचंय," ती ताठ मानेने म्हणाली. "नुसत्या कार्डावर माझा विश्वास नाही."

ग्रॉन्या हसली. ऊन केलेलं उंदराचं पिल्लू चिमट्यात धरून तिने पुढे केलं. तांबड्याने झडप घालून ते गिळलं. निवेदिताने पिशवी पुढे केली.

"आता नाही. पोट भरल्यावर दोन दिवस साप हलवायचा नसतो. शनिवारी या."

"म्हणजे पुन्हा लिमरिक ते डंडॉक?" विशालने विचारलं.

"तू येऊ नकोस," निवेदिता म्हणाली. "मी येते एकटी." आणि ग्रॉन्याने कार्डावर आजची तारीख लिहिली की नाही, ते तिने वाकून पाहिलं.