रोज सकाळचा ढीग

अकोल्यात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ते बनियनवरच खराटा घेऊन निघतात आणि आपल्याच नव्हे, शेजाऱ्यांच्या घरापुढचाही रस्ता झाडतात. कडुलिंबाचा पाला, प्लास्टिकच्या पन्न्या, दुधाच्या पिशव्या, सगळ्याचा गोल ढीग करतात, खराट्याने त्याच्या कडा सारख्या करतात आणि पेटवतात. इतका स्वच्छ माणूस गल्लीत दुसरा नाही.

मला आकड्यांशिवाय बोलता येत नाही. हवेतले बारीक कण मोजणारं माझं छोटं यंत्र मी एकदा त्यांच्यापुढे धरलं. ढीग पेटला तसा आकडा चढत गेला.

"काका, हे कण थेट फुफ्फुसात जातात. तुमच्या नातवाला दमा आहे ना?"

त्यांनी यंत्र न्याहाळलं. "धुरातच धरलं तं चढनच ना भाऊ. जरा दूर धरा. अन् कचरा तसाच ठेवला तं लेकरू बिमार नाही पडन?"

दिवाळीनंतर ते नातवाला घेऊन चिखलदऱ्याला राहून आले. परतल्यावर एका सकाळी ढीग करता करता त्यांनी स्वतःच मला थांबवलं.

"तिथं लेकराले एक दिवस वाफेची मशीन लावा नाही लागली. इथं आलो अन् पुन्हा सुरू. अकोल्याची हवाच खराब हाय भाऊ, अन् कोनी काही करत नाही."

मी ढिगाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मला वाटलं, समजलं त्यांना. मग ते आत गेले, नातवाच्या खोलीची खिडकी घट्ट लावून आले आणि त्यांनी काडी ओढली.