मालनमावशींची सुट्टी

घरी निघालेल्या पेशंटला मालनमावशी एकच प्रश्न विचारत, "घराला पायऱ्या किती?" उत्तर मिळालं की वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर तेवढ्या पायऱ्या चढून दाखवाव्या लागत. डॉक्टरांची सही झाली तरी मावशींचा जिना चुकत नसे. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्या आया होत्या. उंची बेताची, आवाज तीन वॉर्ड ओलांडणारा.

माझ्या वडिलांची आणि त्यांची गाठ नव्वदच्या दशकात पडली. वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हृदय थकलेलं, पाय सुजत, दम लागे. आमच्या कागलच्या घराला सात पायऱ्या.

"मावशी, डबल बेल द्या, निघतो," वडील म्हणाले.

"आदी सात चढा. मग कुठं जायचं तिकडं जावा."

ते चढले, घरी आले आणि महिन्याच्या आत पुन्हा त्याच खाटेवर गेले. सूज उतरली, घरी सोडलं; थोड्याच दिवसांत तिसरी वेळ. आणखी एकदा असं झालं तर हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मीठ बंद आहे ना, हेही पुन्हा विचारलं. बंद होतं. आई शपथेवर सांगत होती.

शपथेवर मावशींचा विश्वास नव्हता. "माणूस हितं बरा हुतोय, घरात बिघडतोय. मग घरच बघाय पायजे की." वडिलांना तिसऱ्यांदा घरी आणलं, त्या आठवड्यात मावशी आपल्या सुट्टीच्या दिवशी एसटीने कागलला आल्या. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. सुट्टी माझी आहे, एवढंच त्या म्हणत.

वडिलांकडे न बघता त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. आईने आमटीचं पातेलं पुढे केलं. "चाखा की. मिठाचा खडा न्हाय."

मावशींनी चाखली. "वैनी, चव हाय की हिला."

"चटणीची हाय ती."

फडताळात वर्षाच्या कांदा-लसूण चटणीची बरणी होती. मावशींनी चिमूटभर तळहातावर घेऊन जिभेला लावली. "हिच्यात मीठ कुणी घातलं?"

"डंकावर कुटताना घालत्यातच की. न्हायतर वर्षभर टिकंल व्हय?" आई बोलता बोलता थांबली.

कोणी काही लपवलं नव्हतं. मीठ उन्हाळ्यातच कुटून झालं होतं, आणि चटणीला आमच्याकडे कोणी मीठ समजत नाही.

आईचे डोळे भरले. "रडताय कशापायी? मिरच्या काढा," मावशी म्हणाल्या. दोघींनी खलबत्त्यात बिनमिठाची चटणी कुटली, आठवड्यापुरतीच. वडिलांनी पहिला घास घेतला.

"हे जेवाण न्हवं, शिक्षा हाय."

"मग चला दवाखान्यात. तितलं ह्याच्याहून वंगाळ."

त्यानंतर वडील चार वर्षं जगले. त्या वॉर्डात पुन्हा दाखल झाले नाहीत. मावशी अधूनमधून सुट्टीला येत; आधी स्वयंपाकघर, मग पेशंट. वडील घरातच गेले, दुपारी जेवून आडवे झाले असताना.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. या वेळी त्या बाहेरच्या सोप्यातच आईजवळ बसल्या. मग आईने विचारलं, "मावशी, आता मी मीठ घेतलं तर चालंल?"

चार वर्षं ती वडिलांच्याच पातेल्यातलं जेवत होती. माझी भाजी वेगळी होत असे. शेजारी बसून मला ते कधी दिसलं नव्हतं.

"घ्या वैनी," मावशी म्हणाल्या. "पर दमानं. तोंडाला सवय ऱ्हायली नसंल."