दाजी आणि इन्सुलिनची घडी

जगातल्या झाडून साऱ्या गोष्टींचा निकाल त्यांच्या आकारावर लागतो असं मानणारा, आणि ते पटवून देण्यासाठी भर लग्नघरातल्या न्हाणीघराची कडी वाकवणारा माणूस आमच्या अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, वाट्याला आला. म्हणजे माझे दाजी. तेलगावच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर शिरूर कासारला घर बांधलं. निवृत्त झाले ते कॉलेजातून. शिकवण्यातून त्यांना निवृत्त करायचा अक्कानं पुष्कळ प्रयत्न केला, पण तिचा इलाज चालला नाही.

ती कडी माझ्याच लग्नातली. वऱ्हाड आदल्या दिवशी मुक्कामाला आलं होतं आणि माझ्या चुलतसासऱ्यांनी, काहीतरी बोलायचं म्हणून, दाजींना त्यांचा विषय विचारला. ओळखीची माणसं ही चूक करत नाहीत. दाजी म्हणाले, "प्रथिनं." चुलतसासरे म्हणाले, "म्हणजे डाळी." एवढं पुरलं. दाजींनी पक्कड मागवली, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत न्हाणीघराची कडी किंचित वाकवली आणि म्हणाले, "आता लावून दाखवा." कडी कोयंड्यात जाईना. "लोखंड तेच. वजन तेच. मग काम कावून करंना? आकार गेला म्हणून. अंगातलं प्रथिन असंच हाय, पावणं. मण्यांची लांब माळ असती. ठरल्या घडीत बसली तर ह्या कडीवाणी बरोबर कोयंड्यात जाती आन् काम होतं. घडी मोडली, की मणी तेच, माळ तीच, पर कामाच्या नावानं शून्य." चुलतसासऱ्यांना पटलं. कडी मात्र काही केल्या सरळ होईना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासरकडच्या यच्चयावत बायकांनी आंघोळ केली ती बाहेरून कोणीतरी दार ओढून धरल्यावर. माझ्या सासूबाई अजूनही माझ्या माहेरी गेल्या की आधी कडी तपासतात.

दाजींच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक मण्यांची माळ असते. नव्या माणसाला वाटतं, जप करतात. ते तिला तारेत ओवून वळवत असतात, कधी जिन्यासारखी गोल, कधी चादरीसारखी पुढंमागं, आणि समोरच्याच्या हातात देऊन "मोड" म्हणतात. त्यांना सांगायला कुठलंही निमित्त चालतं. सलूनमध्ये एका कुरळ्या नवरदेवाचे केस औषध लावून सरळ करणं चाललं होतं, तर दाजी स्वतःच्या अर्ध्या दाढीनिशी उठून त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तुझे गंधकाचे पूल तोडले बे ह्यानं." केस हेही प्रथिनच, त्याच्या माळा गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, ते पूल तोडून नव्या जागी बांधले की कुरळा केस सरळ होतो, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पण हळद लागायच्या आदल्या दिवशी आपलं काहीतरी तोडलंय हे ऐकून नवरदेव पांढराफटक पडला. अक्काच्या कोंबडीखाली त्यांनी एकदा उकडलेलं अंडं ठेवलं होतं. अक्काला पटवायचं होतं, की अंड्यातलं सगळं जागच्या जागी आहे, एक थेंब बाहेर गेलेला नाही, तरी त्यातून पिल्लू येणार नाही, कारण आतल्या साऱ्या घड्या उष्णतेनं मोडल्या. अक्का म्हणाली, "हे मला तुमी न सांगता बी माहीत होतं." कोंबडी बिचारी इमानानं बसून राहिली.

वैशाख पौर्णिमेला विहारात सरांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली, तेव्हा तर मीही होते. सगळं अनित्य आहे, हे एक वाक्य विषयाला धरून बोलून दाजी जे घसरले ते थेट इन्सुलिनवर. दोन छोट्या माळा, त्या गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या, त्यांची एक नेमकी घडी, आणि ती घडी पेशीच्या कोयंड्यात बसली तरच रक्तातली साखर आत जाते. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग सर, त्याची गोळी कावून काढीत न्हाईत? टोचून जीव जातो." दाजींचा चेहरा असा उजळला, की आता वाटपाची खीर गार होणार हे मी ओळखलं. "पोट माळ तोडतं, आजोबा. मणी सुटे करून टाकतं. पोटाला भाकरी आन् इन्सुलिन सारखंच." खीर गार झाली. पण म्हातारा खूश होऊन गेला, ते मी कबूल केलं पाहिजे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते संगीपर्यंत. संगी दाजींच्या घरामागं राहते. तिच्या सासरची माणसं मेंढरं राखतात, आणि ती नि तिचा नवरा दर वर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला पश्चिमेकडे जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. तिला लहानपणापासून साखरेचा आजार, म्हणजे गोळ्यांवर भागणारा नव्हे. रोज इन्सुलिन टोचलं तरच जगायचं असा. तीन वर्षांपूर्वी तोडीच्या हंगामात ती उसाच्या फडातच बेशुद्ध पडली. दवाखान्यातून वाचून आली, पण गावभर एकच बोलणं: हिनं इंजेक्शन चुकवलं. नवरा तेच म्हणे, सासू तेच म्हणे. दाजींनी तिला ओट्यावर बसवलं आणि एकच विचारलं, "बाटली कुठं ठेवत हुतीस?" ती म्हणाली, "कोपीत. पत्र्याच्या पेटीत." कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची झोपडी. भर दुपारी त्या पेटीत भाकरी भाजून निघाली असती. दाजी म्हणाले, "तू टोचलंस. औषधच मेलेलं हुतं." संगी पदर तोंडाला लावून रडली. मी तिथंच होते. मोठ्या आजारातून उठल्यावरही माणूस रडत नाही तशी रडली, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस तिला तेव्हा भेटलं होतं.

पुढचा हंगाम आला तशी टोळीच्या मुकादमानं तिला न्यायला साफ नकार दिला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. "सर, बाई माझ्या टोळीत मेली तर मी कोनाला तोंड दाखवू?" आणि संगीचं म्हणणं, नवरा-बायको मिळून एक कोयता, ती गेली नाही तर नवऱ्याचा अर्धा कोयता राहतो, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी टोळीत घेत नाही. "मी घरी बसले तर बसलेच, सर. परत मला कोनी कशातच धरनार न्हाई." दाजींनी दोघांचं ऐकलं आणि मुकादमाला म्हणाले, "ही जाणार. आन् हिच्या औषधाची घडी मोडणार न्हाई. ते माझ्याकडं लागलं."

झालं. अक्काची पाण्याची दोन चांगली मडकी गेली. मोठ्यात लहान मडकं, दोन्हींच्या मधल्या फटीत ओली वाळू, आत कोरड्या डब्यात बाटली, वर ओलं गोणपाट. दाजी अंगणातल्या रणरणत्या उन्हात तापमापी घेऊन मडक्याशेजारी बसून राहायचे, आणि कोणी हसलं तर त्याला मडक्यात हात घालायला लावायचे. जाणारायेणारा प्रत्येक माणूस हात घालून "लई गार हाय" असं म्हटल्याशिवाय पुढं जाऊ शकत नव्हता. पोस्टमन तर दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागला. शेवटी मडकं संगीबरोबर गेलं. तिच्या घरी फ्रीज नाही, म्हणून जास्तीच्या बाटल्या दाजींच्या फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात राहिल्या, आणि त्या कप्प्याला हात लावायची अक्कालाही बंदी झाली.

मी शाळेत शिकवते, त्या नाताळच्या सुट्टीत शिरूरला गेलते. दुपारी जेवणं चालली असताना मुकादमाचा फोन आला, आवाजात कौतुक ओसंडत होतं. "सर, तुमच्या मडक्याच्या वर केलं आमी. रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आनली, फोडली, कुल्फीवाल्यावानी वरून मीठ मारलं आन् बाटल्या बर्फात पुरल्या. दोन दिवस झाले, टकाटक गार. आतलं औषध बी बर्फावानीच झालंय." दाजींचा घास हातात राहिला. थंडी चांगली तर बर्फ आणखी चांगला, असा साधा प्रेमळ हिशेब त्या माणसानं केला होता. दाजींनी हळूच विचारलं, "संगी कशी हाय?" मुकादम म्हणाला, "जरा तहान तहान करती. पानीच पिती सारखी. डोस वाढवायचा का, तेच इचारायला फोन केलता."

दाजींनी घास ताटात ठेवला. मग ते एकेक शब्द सुटा करून बोलले, "बाटल्या फेकून दे. आन् तिला आत्ता, आत्ताच्या आत्ता, सरकारी दवाखान्यात ने. साखर तपासा म्हणावं." मुकादम म्हणाला, "सर, गोठलेलं वितळलं की काचेवानी साफ दिसतंय. फेकायचं कावून?" दाजी म्हणाले, "दिसन्यावर जाऊ नको बे. वाकलेली कडी बी लोखंडाचीच दिसती." त्यांनी ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज फोनवर ऐकला, मगच फोन ठेवला. आणि तसेच उष्ट्या हातानं फ्रीजमधल्या बाटल्या थर्मासात भरायला गेले.

दवाखान्यात तिला औषध मिळेल, तुम्ही कशाला जाता, असं मी म्हणाले. "आज मिळंल. उद्या कोपीत गेल्यावर?" अक्का मला म्हणाली, "तू जा बरोबर. ह्येंना एकटं सोडलं तर कुनाला तरी शिकवत मधल्याच ष्टँडवर उतरतील." तेव्हा मास्तरीणबाई, म्हणजे मी, थर्मासवरच्या ओल्या टॉवेलला पाणी घालायला तांब्या घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. एसटीत ऊन डावीकडून येत होतं तर दाजी उजवीकडे बसले, रस्ता वळला तसे डावीकडे गेले, पुन्हा वळला तसे पुन्हा उजवीकडे. मांडीवर थर्मास, त्यावर ओला टॉवेल, आणि बसलेल्या माणसांना उठवण्यात जराही संकोच नाही. कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, एका जागी बसा की, कावून फिरताय?" दाजी म्हणाले, "मी न्हाई फिरत. सूर्य फिरतोय." मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. त्या माणसानं वाटेत एकालाही काही शिकवलं नाही, यावरून मला कळलं की ते किती घाबरलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. संगी दवाखान्याच्या कॉटवर उठून बसली होती, ओठ सुकलेले, पण नजर ताजी. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाहेर येऊन मुकादमासमोर उभे राहिले. तो बिचारा मान खाली घालून बोलणी खायला तयार होता. दाजी म्हणाले, "तू तिला जपत हुतास. एवढंच, की ह्याची घडी उन्हानं मोडती तशी गोठल्यानं बी मोडती. मोडलेल्या माळा एकमेकीला चिकटून गुंता हुतो. वितळला तरी गुंता सुटत न्हाई." मुकादम म्हणाला, "म्हंजी तोडलेला ऊस फडात वाळला की दिसतो उसावानी, पर कारखान्यात साखरेचा उतारा देत न्हाई, तसं." दाजींनी भर रस्त्यात त्याला मिठी मारली. त्या हंगामात मडक्यावर पाणी घालायचं काम मुकादमानं दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही, आणि संगी उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतःच्या पायांनी घरी आली. त्यानंतरही ती दर वर्षी जातेच आहे.

गेल्या वर्षी दाजींचा उजवा हात थरथरू लागला. बीडच्या डॉक्टरांनी तपासून कंपवात सांगितला. अक्का दवाखान्यातून रडत बाहेर आली आणि दाजी परीक्षा पास झाल्यासारखे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की मेंदूतलं एक प्रथिन चुकीच्या घडीत बसतं आणि त्याचे ढीग साचत जातात. "बघ," ते मला म्हणाले, "आपलाच विषय निघाला." मला त्यांचा इतका राग आला की मी दिवसभर बोलले नाही. आता खिशातली माळ ते बाहेर काढतात, पण तारेला वळण देता देता मणी सांडतात, आणि अक्का खाली बसून ते वेचते.

यंदा टोळी निघायच्या आदल्या दिवशी संगी मडकं दाखवायला आली. दाजी अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी थरथरता हात मडक्यात घातला, बराच वेळ आतच ठेवला आणि म्हणाले, "गार हाय. तुझी घडी राहील." मग हसून विचारलं, "संगे, मला कुठल्या मडक्यात ठेवता आता?" अक्का उठून आत गेली. संगी म्हणाली, "तुमाला मडकं कशाला, सर," आणि ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं ते पाहून तिनं ती खुर्ची, दाजींसकट, ओढून लिंबाच्या सावलीत नेली.

सकाळी ती टोळीबरोबर गेली. आता ऊन सरकलं की खुर्ची अक्का सरकवते.